बिटकॉइनचे ब्लॉक पोस्टग्रेसमध्ये भरायलोय, ९१,८४२ वर येऊन अडकतंय

नांदेडकर_पोरगा
नमस्कार मंडळी, नांदेडला एमएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बिटकॉइनचे पहिले २,१०,००० ब्लॉक, म्हणजे नोव्हेंबर २०१२ च्या पहिल्या हाविंगपर्यंतचे (तिथं ब्लॉकचं बक्षीस निम्मं झालं), पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायलोय. नोड (सगळी चेन साठवणारा बिटकॉइनचा प्रोग्राम) घरच्या लॅपटॉपवर, पायथॉनमधून गेटब्लॉक कमांड मारून जेसन घेतो आन् ब्लॉक, ट्रान्झॅक्शन, इनपुट, आउटपुट अशा चार टेबलात टाकतो, ट्रान्झॅक्शनचा हॅश (मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) प्रायमरी की, म्हणजे तोच परत चालत नाही. तीनदा सगळं पुसून परत भरलं, दरवेळी बरोब्बर ९१,८४२ व्या ब्लॉकवर डुप्लिकेट की चा एरर. हॅश कधी दोनदा येत नाही असंच शिकलोय ना आपण? शेवटी ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग लावून पुढं रेटलं पण मनाला काही पटंना. आता १,८०,००० पर्यंत आलोय तर एका अ‍ॅड्रेसचा बॅलन्स काढायला क्वेरी इतका वेळ घेते की मी जेवून येतो तरी फिरतच असते. आन् सुरुवातीच्या बऱ्याच आउटपुटला अ‍ॅड्रेसच नाही, रिकामं येतंय. गाइडला परवा दाखवायचंय, कुणी सांगा.

मोंढा_लातूर
भाऊ, ९१,८४२ ला तुझा कोड बरोबर आहे, चेनमध्येच तसं आहे. २०१० मध्ये दोन कॉइनबेस ट्रान्झॅक्शन (ब्लॉक बनवणाऱ्या मायनरला बक्षीस देणारं ब्लॉकमधलं पहिलं ट्रान्झॅक्शन) जशीच्या तशी परत आली, ९१,८१२ मधली ९१,८४२ मध्ये आन् ९१,७२२ मधली ९१,८८० मध्ये. कॉइनबेसच्या इनपुटमागं आधीचा आउटपुट नसतो, त्यामुळं बाकी मजकूर सारखा पडला की हॅशही सारखाच येतो. पुढं बीआयपी ३० या नियमबदलानं ते बंद केलं, नंतर बीआयपी ३४ नं कॉइनबेसमध्ये ब्लॉकची उंचीच लिहायला लावली. तू डू नथिंग लावलंस तर नवी ओळ गाळली जाते आन् जुनी राहते, नोडमध्ये बरोबर उलटं झालंय, नवीनं जुनीला झाकलं आन् जुने ५०-५० कॉइन कायमचे गेले. म्हणून प्रायमरी की हॅशवर ठेवूच नको, स्वतःचा बिगइंट (मोठा पूर्णांक) आयडी दे, हॅशवर साधा इंडेक्स कर, आन् त्या दोन जुन्या आउटपुटला खर्च न होणारे म्हणून खूण कर.

बॅलन्सचं म्हणशील तर माझे वडील मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम होते. त्यांच्याकडं दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आन् खतावणी. सोयाबीनची पट्टी झाली की आधी रोजकीर्दीत, मग संध्याकाळी ज्याच्या त्याच्या खात्यावर. एखादा शेतकरी येऊन माझे किती निघतात विचारला तर ते रोजकीर्द कधीच चाळायचे नाहीत, सरळ खतावणीचं पान काढायचे. ब्लॉकचेन ही निव्वळ रोजकीर्द आहे राव, त्यात बॅलन्स नावाचा आकडा कुठंच लिहिलेला नसतो. तू दरवेळी सगळी रोजकीर्द चाळायलास. आउटपुट टेबलातच एक कॉलम वाढव, हा कुठल्या ट्रान्झॅक्शननं खर्चला त्याचा आयडी, खर्चलाच नसेल तर नल. मग बॅलन्स म्हणजे त्या अ‍ॅड्रेसच्या नल असलेल्या ओळींची बेरीज, जॉइन लागतच नाही.

ब्लॉक १७० उघडून बघ म्हणजे डोळ्यांसमोर येईल. १२ जानेवारी २००९, बिटकॉइनचा निर्माता सातोशीनं प्रोग्रामर हॅल फिनीला १० पाठवले ते. इनपुट एकच, ब्लॉक ९ चं ५० चं बक्षीस. आउटपुट दोन, १० फिनीला आन् ४० परत स्वतःला, जशी मोठी नोट देऊन सुट्टे घ्यावेत तशी. ब्लॉक ९ च्या त्या ओळीत १७० मधल्या ट्रान्झॅक्शनचा आयडी दिसला की समज तुझं जोडकाम बरोबर आहे. अ‍ॅड्रेस रिकामा का तेही इथंच कळंल, तेव्हा बऱ्याचदा सरळ पब्लिक कीला पैसे जायचे, त्यात अ‍ॅड्रेस नसायचाच. म्हणून आउटपुटची स्क्रिप्ट (खर्चायची अट) पण साठव.

डीबीए_संभाजीनगर
वरच्या दादांनी मुळातलं सांगितलंय, मी भरण्याबद्दल सांगते. रक्कम कुठल्या टाइपमध्ये ठेवलीस ते लिहिलं नाहीस, फ्लोट असेल तर आजच काढ. नोड जेसनमध्ये दशांशात रक्कम देतो, पायथॉनमध्ये डेसिमलनं वाच, १० कोटीनं गुणून सातोशी (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) कर आणि बिगइंटमध्ये टाक, सगळे २.१ कोटी बिटकॉइन त्यात आरामात बसतात. (उद्या इथेरियम करशील तर हे चालणार नाही हं, वेई या तिथल्या सगळ्यात लहान एककात ९ इथर बिगइंटमध्ये बसतात, १० बसत नाहीत, तिथं न्यूमेरिकच लागतं.) हॅश टेक्स्टमध्ये ६४ अक्षरांचा ठेवण्यापेक्षा बाइटी टाइपमध्ये ३२ बाइटचा ठेव, इंडेक्स बराच लहान होतो. एकेक ओळ इन्सर्ट करू नकोस, पोस्टग्रेसची कॉपी कमांड वापर, आणि इंडेक्स, फॉरेन की सगळं भरून झाल्यावर कर.

आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून १,००० ब्लॉकचा एक गठ्ठा डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट कर आणि शेवटची उंची त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिही, म्हणजे लाइट आल्यावर अर्धवट काही राहत नाही. आणि शेवटी एक ताळा कर, न खर्चलेल्या सगळ्या आउटपुटची बेरीज १,०५,००,००० बिटकॉइनच्या किंचित खाली यायला पाहिजे, कारण काही मायनरनी हक्काचं बक्षीस पूर्ण घेतलंच नाही. एक सातोशी जरी वर गेली तर कुठंतरी ओळ दोनदा पडलीय.

नांदेडकर_पोरगा
ताई, दादा, लै उपकार झाले. रक्कम फ्लोटमध्येच होती. काल रात्री सगळं नव्यानं भरलं, मधी दोनदा लाइट गेली पण जिथं थांबलं तिथूनच उचललं. ब्लॉक ९ ची ओळ बघितली, १७० चा आयडी लागलाय, अंगावर काटा आला खरंच. बॅलन्सची क्वेरी एंटर दाबली की उत्तर समोर. बेरीज पण १,०५,००,००० च्या थोडी खालीच आली. आता ब्लॉक ५७,०४३ मधल्या पिझ्झाच्या (२०१० मध्ये दोन पिझ्झांसाठी दिलेल्या) १०,००० बिटकॉइनचा माग रिकर्सिव्ह क्वेरीनं काढायलोय, फाटे फुटत फुटत ओळी लैच वाढायल्यात, किती पायऱ्यांवर थांबवू?

मोंढा_लातूर
पाचवर थांबव आन् आधी बघ ओळी किती येतात, मग एकेक वाढव. एकाच आउटपुटवर दोन वाटांनी पोचतोस, म्हणून युनियन ऑल नको, युनियन लाव, आन् त्यात पायरीचा आकडा ठेवलास तर तीच ओळ वेगळ्या पायरीवर परत येते, ती शेवटी डिस्टिंक्टनं गाळ.