पॉलिइथरसल्फोनचे मेम्ब्रेन लवकर चोंदते: कृती बदलावी की पृष्ठभाग?

प्रश्न

नमस्कार. अल्ट्राफिल्ट्रेशनसाठी (दाबाने द्रावण गाळून प्रथिनांएवढे रेणू अडवण्यासाठी) मी पॉलिइथरसल्फोन या पॉलिमरचे मेम्ब्रेन, म्हणजे गाळण्याचा पातळ पडदा, तयार करीत आहे. एनएमपी या द्रावकात १६ टक्के पॉलिमर आणि ४ टक्के पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा, जलस्नेही पॉलिमर) विरघळवून, ते द्रावण २०० मायक्रॉनच्या फटीच्या सुरीने काचेवर पसरवते आणि काच लगेच साध्या पाण्यात बुडवते. शुद्ध पाण्याचा फ्लक्स (ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात पार होणारे पाणी) समाधानकारक येतो. परंतु अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण सोडले की तासाभरात तो निम्म्याखाली जातो आणि पाण्याने धुतल्यावरही पूर्ववत होत नाही. हवेत वाळवून ठेवलेल्या तुकड्यांतून तर पाणी जवळजवळ जातच नाही. पीव्हीपी वाढवावे, की तयार मेम्ब्रेनवर जलस्नेही थर द्यावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वाळलेल्या तुकड्यांचे आधी सांगतो, कारण त्या दोषाचा फाउलिंगशी (प्रथिने साचून चोंदण्याशी) संबंध नाही. बारीक छिद्रांतले पाणी उडून जाताना पृष्ठताणामुळे छिद्रांच्या भिंती आत ओढल्या जातात आणि छिद्रे मिटतात. मेम्ब्रेन ओलेच ठेवावे, किंवा वाळवण्यापूर्वी ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्यात चांगले मुरू द्यावे. ग्लिसरीन उडून जात नसल्यामुळे ते छिद्रांत राहून त्यांना आधार देते.

आता घडणीविषयी. काच पाण्यात बुडवताच पारदर्शक थर क्षणार्धात दुधासारखा पांढरा होतो आणि थोड्या वेळाने कडेने सुटून आपोआप वर येतो, हे आपण रोज पाहत असाल. त्या क्षणी द्रावक बाहेर आणि पाणी आत जात असते, आणि पॉलिमर वेगळा होऊन घट्ट होतो. ही अदलाबदल वेगाने झाली, तर पातळ त्वचेखाली बोटांसारख्या लांब पोकळ्या तयार होतात. पाण्यात थोडे एनएमपी मिसळून ती मंदावली, तर रचना स्पंजसारखी होण्याकडे कल राहतो. १९६०च्या सुमारास लोब आणि सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे मेम्ब्रेन याच तत्त्वावर घडवले आणि त्याचे महत्त्व असे की, अडवण्याचे काम फक्त वरची पातळ त्वचा करते, बाकीची जाडी आधारापुरती असते. त्यामुळे मेम्ब्रेनविषयीचा कोणताही निर्णय घेताना त्वचेचे काय होईल, हा प्रश्न आधी विचारावा.

पीव्हीपीच्या बाबतीत 'जास्त म्हणजे चांगले' असे होत नाही. थोडे घातले की पॉलिमर लवकर वेगळा होऊन छिद्रे वाढतात. प्रमाण आणखी वाढवले की द्रावण इतके दाट होते की अदलाबदलच मंदावते. शिवाय त्यातला बराचसा भाग पाण्यात निघून जातो आणि जो अडकून राहतो, तेवढ्याचाच जलस्नेहीपणा आपल्या उपयोगाचा.

एक सूचना: द्रावण रात्रभर झाकून ठेवून बुडबुडे जाऊ द्या. पसरवताना राहिलेला एक सूक्ष्म बुडबुडासुद्धा पुढे छिद्र होतो, आणि त्या एका छिद्रामुळे संपूर्ण तुकड्याची चाचणी फुकट जाते. दमट हवेत पसरवणेही टाळा. एनएमपी हवेतली वाफ ओढून घेते आणि पाण्यात जाण्यापूर्वीच पृष्ठभाग धुरकट होऊ लागतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन योग्य आहे; मी केवळ पृष्ठभागाविषयी लिहिते. पॉलिइथरसल्फोन पाण्यापासून काहीसे दूर राहणारे असल्यामुळे प्रथिने त्यावर चिकटतात. डोपामाइनच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात, साधारण ८.५ पीएचला, मेम्ब्रेन बुडवून ठेवले, तर हवेतील ऑक्सिजनमुळे त्यावर तपकिरी, जलस्नेही थर बसतो. ही कृती सोपी आहे, पण वेळ वाढला की थर जाड होऊन छिद्रे अरुंद होतात आणि तीव्र अल्कलीने धुतल्यास तो सुटतो. अतिनील प्रकाशात ग्राफ्टिंग केले, तर जलस्नेही पॉलिमरच्या साखळ्या पृष्ठभागाशी रासायनिक बंधाने जोडल्या जातात. मात्र याच प्रकाशाने पॉलिइथरसल्फोनच्या साखळ्याही तुटतात, त्यामुळे प्रकाशाची मात्रा जपूनच वाढवावी. नॅनोकण मिसळण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: ते गुठळ्या करतात, त्वचेत दोष निर्माण करतात आणि पुढे पाण्यासोबत निघून येतात का, हे वेगळे तपासावे लागते.

खरी अडचण तुलनेत असते. दोन मेम्ब्रेनची तुलना करताना एकाचा फ्लक्स दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर त्याच्या पृष्ठभागाकडे प्रथिनेही दुप्पट वेगाने येतात. साहजिकच ते लवकर चोंदते आणि सुधारणा निष्फळ वाटते. दाब कमी-जास्त करून दोन्हींचा सुरुवातीचा फ्लक्स सारखा ठेवा, अल्ब्युमिन अडवण्याचे प्रमाण सोबत मोजा आणि मगच निष्कर्ष काढा.

प्रतिसाद ३

धुण्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मेम्ब्रेन हायपोक्लोराइटने (क्लोरीनयुक्त ब्लीचने) धुतल्यास अडकून राहिलेले पीव्हीपी हळूहळू तुटून निघून जाते. फ्लक्स परत आलेला दिसतो, पण त्यातला काही भाग छिद्रे मोठी झाल्याचा असू शकतो. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर फ्लक्सच्या जोडीला अडवण्याचे प्रमाणही नोंदवावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या नोंदींत समान फ्लक्सवर केलेली एकही तुलना नाही, त्यामुळे तीच चाचणी आधी घेते. ग्लिसरीनमध्ये मुरवलेले तुकडे वापरण्यापूर्वी किती वेळ धुवावेत?

प्रतिसाद १

ठरावीक वेळ सांगता येणार नाही. शुद्ध पाण्याचा फ्लक्स लागोपाठच्या मोजमापांत स्थिर होईपर्यंत पाणी सोडत राहा आणि त्यानंतरच प्रथिनाची चाचणी सुरू करा.