बी विंग – फक्त महत्त्वाचे मेसेज

शनिवार

मंजुषा ३०४: नमस्कार सगळ्यांना. पर्सनल विषय टाकतेय त्याबद्दल आधीच सॉरी, पण हिंजवडीला जाणारे आपल्यात तीनचार जण आहेत म्हणून विचारते. आमची सानिका सोमवारी जॉइन होतेय, पहिलाच जॉब, फेज २ ला. आणि शेवटच्या वर्षाला असताना तिने ज्या सिनेमावर काम केलं होतं तो पिफमध्ये म्हणजे पुण्याच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये लागलाय, येत्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला प्रीमियर. आता नोकरीच्या चौथ्याच दिवशी लवकर सोडा म्हणून सांगायचं का? हिचे बाबा म्हणतात अजिबात नाही, ही म्हणते मग मी जॉइनच होत नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाहीये.

सानिका ३०४: आई हे तू बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंस???

मंजुषा ३०४: तू जेवताना कानात ते घालून बसतेस, मग कुठे टाकू

जोशी काकू २०१: अभिनंदन सानिका, दोन्हीचं!! पेढे आण. सिनेमात काय आहेस गं, हिरॉइनची मैत्रीण का

भोसले सेक्रेटरी: अभिनंदन. सर्व सभासदांना विनंती, उद्या सकाळी १० ते १२ वरची टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवावे.

निखिल ६०२: सानिका माझं ऐक, सिनेमा वगैरे अजिबात सांगू नकोस, पहिल्याच आठवड्यात शिक्का बसतो की ही पोरगी टिकणार नाही. दात दुखतोय म्हण. रूट कॅनाल म्हटलं की समोरचा स्वतःचाच गाल धरतो, पुढे विचारत नाही. मी गेल्या वर्षात तीन केलेत, दात सगळे शाबूत.

शिल्पा १०३: निखिल हे तू ५८ लोकांसमोर लिहिलंयस, त्यातली एक एचआरमध्ये आहे

निखिल ६०२: ताई तुमची कंपनी वेगळी आहे ना, चालतंय

शिल्पा १०३: सानिका, मी ११ वर्षं हे काम करतेय म्हणून थोडं लांबड लावते. पहिल्या आठवड्यात तुझ्यावाचून कुणाचंही काही अडत नाही, निम्म्या पोरांना लॅपटॉप मिळालेला नसतो, मिळाला तर पासवर्ड चालत नाही, दिवसभर स्लाइड बघायच्या आणि फॉर्म भरायचे. त्यामुळे दोन तास लवकर गेलीस याचं मॅनेजरला काहीच वाटत नाही, वाटतं ते गुरुवारी साडेतीनला येऊन सर मला निघायचंय म्हटल्याचं. आणि खोटं तर नकोच. शो झाल्यावर टीमला पुढे बोलवतात, फोटो काढतात, कुणीतरी तुला टॅग करतं, शुक्रवारी सकाळी तोच मॅनेजर रूट कॅनालवाल्या पोरीला सिनेमाच्या पडद्यासमोर हसताना बघतो. मग सुट्टी राहते बाजूला आणि सहा महिने प्रोबेशनभर तुझं खरं पण कुणाला खरं वाटत नाही.

निखिल ६०२: हे मात्र पटलं. माझे रूट कॅनाल कुणी टॅग करत नाही

पवार साहेब १०१: मी लेबर ऑफिसात ३१ वर्षे काढली. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, आता वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू, आयटीवाले पण त्यात येतात. वर्षाला ८ किरकोळ रजा, पगारी, आणि त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात म्हणजे जानेवारी ते मार्च दोन. अर्जित रजेचं वेगळं, तिला २४० दिवस भरावे लागतात, मग २० दिवसाला एक. मुलीला हे माहीत असावं. नव्या पोरांना वाटतं प्रोबेशन म्हणजे रजा शून्य.

मंजुषा ३०४: म्हणजे हक्कानं मागता येईल ना?

पवार साहेब १०१: येईल की. पण चौथ्या दिवशी कायदा काढून दाखवणारा माणूस मी स्वतः कधी नोकरीवर ठेवला नसता. हक्क खिशात ठेवायचा आणि विनंती करायची. बाकी प्रोफेशनल टॅक्स महिलांना महिना २५ हजारापर्यंत नाही. त्यावर पगार असेल तर २०० कापतात, फेब्रुवारीत ३००, पुढच्या महिन्यात स्लिप बघून घाबरू नकोस. किती आहे पगार?

सानिका ३०४: पवार काका ग्रुपवर नको प्लीज

आपटे काका ५०१: उशिरा वाचतोय. मंजुषाताई, मी २००२ च्या पहिल्या पिफपासून जातोय आणि माझं मत स्पष्ट आहे, पोरीला जाऊ द्या. शनिवारी सकाळी रिपीट शो आहे हे मी शेड्यूलमध्ये बघितलं, कुणीतरी आता म्हणेलच की तो बघ. पण रिपीटला युनिट नसतं. पहिल्या शोला काय होतं की ज्यांनी केलंय ते आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते एकाच अंधारात बसतात आणि आपण जिथे हसतील म्हणून धरलं होतं तिथे कुणी हसत नाही आणि भलत्याच ठिकाणी हसतात. ते एकदाच होतं. आपल्या कोथरूडपासून हाकेवर लॉ कॉलेज रोडला १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून आली, त्याच स्टुडिओत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९३७ ला इथलाच संत तुकाराम सिनेमा व्हेनिसला

निखिल ६०२: काका विषय हिंजवडीचा चाललाय

आपटे काका ५०१: आलो विषयावर. शो सेनापती बापट रोडला पॅव्हेलियन मॉलमध्ये आहे. पास म्हणजे सीट नव्हे, जो आधी येईल तो बसेल. टीमच्या काही खुर्च्या राखून ठेवतात पण त्या दिग्दर्शक, निर्माता, नट यांच्या. असिस्टंटने धरून चालू नये. सहाला रांगेत पाहिजे.

निखिल ६०२: सहाला एसबी रोड म्हणजे फेज २ वरून साडेचारच्या पुढे एक मिनिट नाही. पाचनंतर वाकडच्या पुलापर्यंतच पाऊण तास

शिल्पा १०३: मी फेज १ ला आहे, स्कूटरवर आहे. साडेचारला गेटवर ये, सूस पाषाणमार्गे काढते. मलाही बघायचाय

मंजुषा ३०४: शिल्पा किती गं चांगली आहेस

सानिका ३०४: आई, बाबांना दाखव हे. शिल्पाताई पण मागू कसं? आज मेल टाकू का रविवारी?

शिल्पा १०३: मेल नको. तू अजून त्यांच्या मेलबॉक्समध्ये कोणीच नाहीस. सोमवारी मॅनेजर भेटेल तेव्हा तोंडी. फॅमिली फंक्शन म्हणायचं नाही, काय आहे तेच सांगायचं, कुठल्या दिवशी किती वाजता निघणार, त्या वेळात कुठलं सेशन बुडतंय आणि ते मी कधी भरून काढीन. पूर्ण दिवस मागू नकोस, दोन तासच. आणि एक, ऑफर लेटरमध्ये दुसरं काम करायचं नाही असा क्लॉज असणारच, २०२२ ला मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरी असताना गुपचूप दुसरं काम करण्यावरून, एवढा गदारोळ झाल्यापासून सगळे कडक झालेत. हे काम जॉइनिंगच्या आधीचं आहे हे वाक्य बोलताना घाल. इथून पुढे शनिवार रविवार शूटला जायचं असेल तर लेखी विचारूनच.

सानिका ३०४: पैसे तर काय, एकूण पाच हजार आणि रोज वडापाव

जोशी काकू २०१: पण सिनेमात करतेस काय ते कुणी सांगेना

सानिका ३०४: काकू मी दिसत नाही. साउंड असिस्टंट. लांब दांडीला माइक असतो ना, बूम, ती धरून उभं राहायचं, फ्रेममध्ये माइकची सावली पण येता कामा नये आणि हात तर अर्ध्या तासात लटपटायला लागतात. शिवाय प्रत्येक लोकेशनला सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून तिथली नुसती शांतता रेकॉर्ड करायची, तिला रूम टोन म्हणतात, नाहीतर एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. आणि जे आवाज शूटला मिळाले नाहीत ते नंतर शोधत फिरायचं. मे महिन्यात मी गच्चीवर तीन रात्री बसले होते ते त्यासाठीच.

भोसले सेक्रेटरी: ती तू होतीस. मी चोर समजून टॉर्च मारला होता.

सानिका ३०४: हो काका आणि तुमचं कोण रे तिकडे पण रेकॉर्ड झालंय. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं ना मी

भोसले सेक्रेटरी: ते तोंडी होते. लेखी अर्ज आलेला नाही.

सानिका ३०४: सिनेमात पहाटे पंप सुरू होतो आणि त्या आवाजाने आजी उठते असं आहे. चार सोसायट्यांचे पंप घेऊन बघितले पण सगळे नुसते गुणगुणतात. आपला सुरू होताना आधी खाकरतो, मग दोन सेकंद थांबतो, मग लागतो. सरांना तोच आवडला. सिनेमात आपला पंप आहे.

जोशी काकू २०१: दोन वर्षं ओरडतेय बेअरिंग गेलंय म्हणून

भोसले सेक्रेटरी: बदलले नाही ते बरेच झाले म्हणायचे. गुरुवारी मी येतो. पास कुठे मिळतो?

आपटे काका ५०१: ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून मॉलमध्ये कार्ड घ्यायचं. किती जणांचं करू सांगा

जोशी काकू २०१: आमचा नातू सहा वर्षांचा आहे, शांत बसतो तो, आणू का

आपटे काका ५०१: नाही चालत काकू, फेस्टिव्हलच्या सिनेमांना सेन्सॉर सर्टिफिकेटातून सूट असते म्हणून १८ च्या खाली सोडत नाहीत. सिनेमात आजी आणि पंपच असला तरी.

जोशी काकू २०१: मग मी घरीच. सून गुरुवारी क्लासला असते. तुम्ही या बघून

सोमवार

मंजुषा ३०४: सानिका पोचली का कुणी पाहिलं का, फोन उचलत नाहीये

निखिल ६०२: काकू पहिला दिवस आहे, फोन सायलेंटवरच असणार

सानिका ३०४: आई!! इंडक्शनमध्ये होते. आता बसमध्ये आहे, ऐका सगळे. लॅपटॉप मिळाला नाही. कॅन्सल चेक, डिग्रीची झेरॉक्स, पीएफचा फॉर्म ११, चार वेळा तेच नाव चार फॉर्मवर. मॅनेजर तीनला भेटले, मी शिल्पाताईने सांगितलं तसं घडाघडा म्हणून टाकलं, मधे श्वास पण घेतला नाही, कामाच्या आधीचं आहे, दोन तास, साडेचारला निघेन, गुरुवारी चारला फायर सेफ्टीचं आहे ते पुढच्या बॅचबरोबर करीन. त्यांनी स्क्रीनवरून नजर न उचलता ओके म्हणाले आणि कॅलेंडरमध्ये टाक. बास. मी म्हटलं माझ्याकडे लॅपटॉप नाही. मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

निखिल ६०२: एवढंच???

सानिका ३०४: एवढंच. कुठला सिनेमा ते पण विचारलं नाही. तीन रात्री झोपले नव्हते मी यासाठी. आणि एचआर म्हणाली एम्प्लॉयी आयडी शुक्रवारी तयार होणार तोपर्यंत सिस्टिममध्ये रजा टाकताच येत नाही, म्हणजे गुरुवारी मी रजेवर पण नाही आणि कामावर पण नाही

पवार साहेब १०१: तरी हजेरीची नोंद कुठेतरी करून ठेव.

मंजुषा ३०४: तुझे बाबा विचारतायत पास आहे का एक जास्तीचा

गुरुवार

आपटे काका ५०१: ५:२० झालेत, मी रांगेत. पुढे साधारण ३० जण. भोसले, पवार साहेब आणि सानिकाचे बाबा माझ्यामागे.

मंजुषा ३०४: मी रिक्षात, नळ स्टॉपला. सानिका कुठे?

शिल्पा १०३: पाषाणला आहोत, सिग्नलला टाइप करतेय. पोरगी मागे बसून रडतेय का हसतेय कळत नाही, हेल्मेट आहे

निखिल ६०२: मी अजून ऑफिसात. आमच्याकडे खरंच एकाचा दात दुखतोय, कुणाचा विश्वास बसेना

आपटे काका ५०१: रांग जिन्यापर्यंत गेली. भोसले पुढच्या माणसाला पंपाबद्दल सांगतायत.

शिल्पा १०३: पोचलो ६:०२. सानिका युनिटमध्ये गेली, मी तुमच्या मागे रांगेत

आपटे काका ५०१: सोडतायत आत. फोन बंद करा सगळ्यांनी. भोसले तुम्ही पण.

जोशी काकू २०१: छान बघा सगळे. सांगा नंतर

जोशी काकू २०१: भोसले साहेब, वरची टाकी वाहतेय वाटतं, मागच्या बाजूला पाणी पडतंय

जोशी काकू २०१: पंप कोण बंद करणार? वॉचमन म्हणतो चावी सेक्रेटरींकडे

जोशी काकू २०१: अहो कोणीतरी

शिल्पा १०३: संपला. आत्ता बाहेर आलो. काय सांगू, पहिली दहा मिनिटं पडद्यावर काळोख आणि रातकिडे, थिएटर इतकं गप्प की शेजारच्याचं पोट वाजलेलं ऐकू आलं. मग तो खाकरला. खरंच खाकरला, तोच आपला, थांबला, आणि लागला, आणि भोसले साहेब अंधारात ताडकन उभे राहून म्हणाले अरे पंप! सगळं थिएटर हसलं. तिथे हसायचं नव्हतं म्हणे, दिग्दर्शकाने मागे वळून बघितलं.

आपटे काका ५०१: म्हटलं नव्हतं, भलत्याच ठिकाणी हसतात. बाकी सिनेमा मध्यात थोडा रेंगाळतो, आजीचं काम उत्तम. शेवटी पाट्या सुरू झाल्या की फेस्टिव्हलवाले पुढच्या शोच्या रांगेसाठी पळतात, आज पण पळाले. आपली ओळ बसून होती. साउंड असिस्टंटचं नाव अगदी खाली, ड्रायव्हर आणि केटरिंगच्या जरा वर, दोन सेकंद असेल. सानिकाच्या बाबांनी चष्मा पुसायला काढला होता, त्यांचं हुकलं.

मंजुषा ३०४: शनिवारी रिपीटला जाणार आहेत ते

सानिका ३०४: थँक्यू सगळ्यांना, नीट लिहिते नंतर, युनिटबरोबर आहे. उद्या नऊला इंडक्शन आहे. भोसले काका, सर म्हणतायत तुमचा आवाज पण डबिंगला चालेल

जोशी काकू २०१: कौतुक मग करा, आधी वरचे मेसेज वाचा!! दोन तास टाकी वाहतेय, पार्किंगमध्ये तळं झालंय

भोसले सेक्रेटरी: आत्ता फोन चालू केला. चावी माझ्या खिशात आहे. निघालोय. नळ स्टॉपला अडकलोय.