सिटी व्हीटेकला हेडर: पुण्याचा तयार घेऊ की जळगावात बनवून घेऊ?

व्हीटेकवाला_जळगाव
राम राम मंडळी. गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवरवाली. काकांची होती, आता माझ्याकडे आहे. रीपासिंग झालंय, कागद क्लिअर, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. इंजिनातून धूर बाहेर नेणारा कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्या जागी ४-२-१ हेडर (चार पाइप आधी दोनात, मग एकात मिळणारा) टाकायचं पक्कं केलंय. पुण्याचा एक जण तयार हेडर देतोय, माइल्ड स्टीलचा, वर उष्णता अडवणारी पांढरी पट्टी गुंडाळलेला. इकडे एमआयडीसीत डेअरीच्या स्टेनलेस टाक्या बनवणारा ओळखीचा आहे. तो म्हणतो, "जुना काढून आण, तसाच बनवून देतो." पण मोटारीचं काम त्याने कधी केलेलं नाही. माझं रोजचं जाणं-येणं जळगाव–एरंडोल–पारोळा, अधूनमधून चाळीसगावहून कन्नड घाट. मे महिन्यात एसी बंद ठेवणं आपल्याकडे शक्यच नाही. काय करू? आणि पिकअप खरंच जाणवेल का?

धुळेकर_१८
४-१ टाक भो, चारही पाइप थेट एकात, ४-२-१ मध्ये काय मजा? व्हीटेक उघडल्यावर, म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागल्यावर, वरचा जोर पाहिजे. कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) पण काढून टाक, आवाज असा येईल की पारोळा नाक्यावर लोक वळून बघतील.

भुसावळचा_फिटर
मी काय सांगस ते ध्यानमा ठेव. रेल्वेच्या शेडमध्ये नोकरी झाली, आता घरामागे पत्र्याखाली होंडा आणि मारुतीचीच कामं करतो.

धुळेकर, ४-१ वर बरं चालतं ते ट्रॅकवर. ह्याला पारोळ्याला ट्रॅक्टरच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये निघायचंय. ह्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणून ४-२-१ मध्ये १ आणि ४ एका पाइपात घेतात, २ आणि ३ दुसऱ्यात. एकाचा धूर जाताना मागे जी ओढ तयार होते ती जोडीदाराला मिळते, आणि मधल्या आरपीएमला गाडी मोकळी वाटते. पण नुसत्या हेडरने चार-पाच हॉर्सपॉवर मिळाले तरी भरपूर समज. इंटरनेटवर पंचवीसचे आकडे देतात, ते सोडून दे.

आता कोणाकडून? मी म्हणेन तुझा टाकीवाला. जो डेअरीच्या टाक्या जोडतो त्याच्याकडे टिग वेल्डिंगचं मशीन आणि त्याला लागणारा आर्गॉन गॅस असतोच, आणि पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो हे त्याला सांगावं लागत नाही. आतून गॅस नसला की सांध्याच्या आतल्या बाजूला जळालेल्या साखरेसारखे काळे फोड येतात, तिथेच पुढे चीर पडते. बाहेरून वेल्ड कितीही देखणा असो, तू बोट घालून आतून बघ. पाइप ३०४ स्टेनलेसचा घे. तो तापून माइल्ड स्टीलपेक्षा जास्त फुगतो, म्हणून खाली जाळीवाला फ्लेक्स पाइप हवाच.

त्याला जे माहीत नसेल ते हे. फ्लँज, म्हणजे इंजिनाला आवळायची पाटी, जाड ठेवायची, दहा मिलिमीटरच्या खाली नाही. वेल्डिंग करताना ती जाड लोखंडी पाटाला आवळूनच करायची. तरी बाक येतोच. म्हणून काम झाल्यावर तिचं तोंड ग्राइंडिंगवर सरळ करून घे, सरळ पट्टी ठेव आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) घालून बघ. हे एक काम टाळलं की गॅस्केट दर वेळी फुंकणार. ऑक्सिजन सेन्सरची आटेवाली रिंग चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे बसव, एखाद्या पाइपावर नको, नाहीतर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) एकट्या सिलिंडरची खबर मिळेल. आणि सेन्सर वरच्या बाजूला तिरका ठेव, आडवा किंवा खालून नको. सकाळी पाइपात पाणी धरतं, ते त्यात जातं.

पट्टीचं म्हणशील तर माझा विरोध आहे. तुझ्या इंजिनात एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला. वर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरलं की ऑइल थेंबथेंब पट्टीत मुरतं, आणि ऑइल प्यालेली पट्टी पेट घेते. शिवाय पावसाळ्यात ती ओल धरून माइल्ड स्टील आतल्या आत खाऊन टाकते. त्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग कर किंवा कंपनीची पत्र्याची ढाल थोडी कापून परत लाव. आपल्या उन्हात एसीचा कंडेन्सर आधीच रडतो, त्याच्या तोंडासमोर उघडा लाल पाइप नको.

व्हीटेकवाला_जळगाव
नाना, लाख मोलाचं सांगितलंत. जुना मॅनिफोल्ड काढताना स्टड (इंजिनात रुतलेले बोल्ट) तुटायची भीती वाटते. इतक्या वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

भुसावळचा_फिटर
आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार, सकाळी परत. इंजिन कोमट असताना बारा नंबरच्या पान्याने थोडा मागे, थोडा पुढे. जोर लावून एका दमात नाही. स्टड बाहेर आलाच तर नवा टाक, जुना परत वापरू नकोस. तुटला तर उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा, त्या गरमीनेच तो सुटतो. ड्रिल मारायला लागलास तर हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पटकन भरकटतं. गॅस्केट नवं, पत्र्याच्या थरांचं, वर सिलिकॉन नाही. आवळताना मधल्या नटापासून बाहेर. दोन-चार दिवस चालवून, गाडी थंड असताना परत एकदा.

मग तपास. थंड इंजिन चालू कर, कोणाला तरी मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबायला लाव, तू जोडांवर साबणाचं पाणी टाक. बुडबुडे आले की गळती. सेन्सरच्या अलीकडे गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू वाढवून देतो. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात.

इंजिन माउंट आधी बघ. लूज असेल तर हेडर हलून हलून तुटणार, शिव्या खाणार वेल्डर. आणि खालचा पाइप ऑइल पॅनच्या खाली लोंबायला नको, आपल्या गावांचे गतिरोधक माहीतच आहेत.

शहाद्याची_व्हर्टस
मी पण हेडर बसवू का? फोक्सवॅगन व्हर्टस, १.५ टीएसआय टर्बो आहे.

भुसावळचा_फिटर
तुमच्या गाडीत मॅनिफोल्ड हेडच्या आतच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडला. बदलायला हेडरच नाही. होंडा सिव्हिकच्या १.८ इंजिनाची पण तीच गोष्ट, धूर एकत्र होऊनच बाहेर पडतो.

धुळेकर_१८
आणि कॅटचं काय, नाना? काढू द्या ना त्याला.

भुसावळचा_फिटर
नाही. कॅट मॅनिफोल्डलाच चिकटून आहे की खाली वेगळा, ते आधी गाडीखाली जाऊन बघायचं. चिकटून असेल तर नवा कॅट खाली वेल्ड करून घ्यायचा, तो खर्च आत्ताच धर. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) आहे, दहा हजारांपर्यंत दंड, वर लायसन्स तीन महिने जातं. मूळ मॅनिफोल्ड ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेव, भंगारवाल्याला देऊ नकोस. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं.

व्हीटेकवाला_जळगाव
कॅट खाली वेगळा आहे, आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. पण मागचा इंजिन माउंट चिरलेला दिसतोय. आधी तो मागवतो.