‘सोंगं करी ऱ्हायनी’ला प्रमाण मराठीत काय म्हणायचं?

धरणगावकर: मंडळी, अडलोय. रात्री मालिका बघताना आमची माय जे बोलते ते भाचीनं गुपचूप मोबाइलवर घेतलंय. पडद्यावर कारस्थानी जाऊ सासूच्या पाया पडून धाय मोकलून रडतेय. माय ताटलीत हरभऱ्याचे घाटे सोलतेय आणि मान वर न करता आमच्या खान्देशी अहिराणीत म्हणते, “दख (बघ) व माय, कशी सोंगं करी ऱ्हायनी!” पुण्याच्या नातेवाइकांसाठी खाली मराठी ओळ टाकायचीय. मी ‘नाटकं करतेय’ लिहिलं, तर मायच बिघडली. म्हणे, मी तर त्या नटीची तारीफ करत होते! ‘अभिनय करतेय’ लिहावं तर भाची म्हणते, मामा, हे सत्कारातलं भाषण वाटतं.

शिरपूरची लेक: दादा, ‘अ‍ॅक्टिंग मारतेय’ लिहा की. सगळ्यांना कळतं.

निवृत्त मास्तर: कळतं म्हणून काहीही लिहायचं का? सोंग हा अस्सल शब्द आहे. सोंगी भारूड ऐकलं नाही का कुणी? सोंग आणतात ते रंगमंचावर, सोंग घेतात ते झोपेचं, सोंगं काढतात ती जत्रेत. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. मायचं क्रियापद ‘करणे’, म्हणजे ढोंगच. तुमचं ‘नाटकं’ बरोबर होतं.

धरणगावकर: मास्तर, अहिराणीत सगळ्यालाच ‘करी ऱ्हायना’ आहे हो. तुमचा नियम आमच्या मायला लागू नाही.

शिरपूरची लेक: आणि काय सांगता, पैशाचं सोंगही आणताच येत नाही म्हणतात, ते काय रंगमंचावरचं आहे?

(मास्तरांनी यावर फक्त अंगठा टाकला. कोणता ते सांगत नाही.)

यावलकर: आमच्याकडे ‘सोंगं करून रायली’ म्हणतात.

नंदुरबारी: हे तर वऱ्हाडी झालं. भारत गणेशपुरे बोलतात तसं.

यावलकर: वऱ्हाडी नाही भाऊ, लेवा बोली. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंची. टीव्हीवाल्यांचंही हेच, खान्देशातलं पात्र घेतात आणि तोंडी नागपूर कोंबतात. मालवणीला ‘रात्रीस खेळ चाले’ मिळाली, कोल्हापूरला राणादा मिळाला. आपल्या वाट्याला काय, तर चहावाला नाहीतर हवालदार, दोन वाक्यांपुरता.

नंदुरबारी: त्यातही एक वाक्य ‘काय शे भो’!

शिरपूरची लेक: 😂 आणि ते म्हणणारा नट दादरचा. ते खरं सोंग.

चाळीसगावची सून: मूळ प्रश्नावर येते. 1987 ला रामायण लागायचं, रविवारी सकाळी साडेनऊला. वाड्यात एकच टीव्ही, सगळी गल्ली ओटीवर. अरविंद त्रिवेदींचा रावण साधू होऊन सीतेच्या दारात आला, तेव्हा आमच्या आजेसासूबाई हात जोडायच्या सोडून हसल्या. म्हणाल्या, “दख, सोंगमा सोंग!” म्हणजे माणसानं रावणाचं घेतलं, रावणानं साधूचं. एकच शब्द, एकदा कौतुकाचा, एकदा शिव्यांचा. तुमच्या मायचंही तसंच असणार. जाऊ खोटं रडतेय आणि ती नटी ते खोटं रडणं खरं करतेय. प्रमाण मराठीत याला दोन शब्द लागतात, म्हणून तुमची ओळ बसत नाही.

धरणगावकर: वा ताई! पण मग खाली लिहू काय?

निवृत्त मास्तर: व्युत्पत्ती पाहिली की उलगडेल. हिंदीत स्वांग. स्व अधिक अंग.

यावलकर: मास्तर, स्व म्हणजे आपलं. सोंगात तर दुसऱ्याचं अंग घ्यावं लागतं. दिलीप प्रभावळकर तेच चिमणराव आणि तेच आबा टिपरे. यात स्वतःचं अंग कुठंय?

निवृत्त मास्तर: त्यांना सोंगाड्या म्हणाल का? म्हणून दाखवा.

यावलकर: म्हणेन. तमाशात सोंगाड्या नसला तर वग पडतो. शहरातल्यांनी त्या शब्दाचा कमीपणा केला, आम्ही नाही.

शिरपूरची लेक: ‘हवा येऊ द्या’तले सागर कारंडे साडी नेसून आले की आम्ही हसून लोळायचो, आणि तेच पोस्टमन होऊन पत्र वाचायला लागले की बाबा चष्मा पुसायचे. बाबा म्हणायचे, पक्का सोंगाड्या! याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती.

नंदुरबारी: माझं वेगळंच मत. सोंग हे सोंगणीवरून. पीक सोंगतात तसं नट माणसं सोंगतो, बुडापासून कापून घरी आणतो.

निवृत्त मास्तर: काहीही!

चाळीसगावची सून: काहीही असलं तरी छान आहे 😄

यावलकर: सोंगणीवरून आठवलं, तुमच्याकडे गहू सोंगाले आले का? इकडं मजूर मिळेनात.

नंदुरबारी: आठ दिवस आहेत अजून. हार्वेस्टर सांगून ठेवा, शेवटी कुणी थांबत नाही.

यावलकर: हार्वेस्टरनं भुसा वाया जातो ना भाऊ. घरी दोन म्हशी आहेत.

धरणगावकर: अहो, ती ओळ…

नंदुरबारी: मग हातानंच सोंगा. शिरपूरकडं मजूर आहेत का, ताई?