अनुभव सांगा: तुमची पहिली गाडी कोणती होती?

औसेकर
भाच्याला लातूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. औशाहून रोज वीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. त्याच्यासाठी गाडी बघायलो तर आमच्या दादांची सीडी १०० डोळ्यांपुढं आली. १९८५ ला हीरो होंडानं काढली ती. चार स्ट्रोक, पेट्रोलला लै कमी. दादा टाकीचं झाकण उघडून गाडी दोन्ही पायांत धरून हलवायचे, आत पेट्रोल डुचमळलं की म्हणायचे, "जाऊन येतंय बघ." तुम्ही पहिली गाडी कोणती घेतली, का घेतली, लिहा. पोराला वाचून दाखवतो.

परभणी_२२
स्प्लेंडर. विषय संपला. जिंतूर रोडला क्लचची केबल तुटली होती, पानपट्टीशेजारच्या मिस्त्रीकडं तयारच होती. ज्या गाडीचा पार्ट फाट्यावर मिळत नाही ती घेऊच नये.

काळी_माती
मी शिक्षिका. फाट्यापासून शाळेपर्यंत कच्चा रस्ता. सगळे म्हणाले, बाईमाणसाला स्कूटी बरी. पण स्कूटीचं चाक १०-१२ इंची, आणि पावसाळ्यात आमच्याकडची माती कशी असते ते सांगायला नको. चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की चाकच फिरत नाही, काडीनं कोरून काढावा लागतो. मग भावाकडून गिअर शिकले आणि स्प्लेंडरच घेतली, १८ इंची चाक. मुलींनो, शोरूममध्ये बसून बघा, दोन्ही पाय टेकले पाहिजेत. मायलेज नंतर विचारा.

परभणी_२२
@काळी_माती मॅडम, एक नंबर! पुढचं मडगार्ड पावसाळ्यात काढूनच ठेवा, आम्ही तेच करतो.

वाळूजकर
सीडी १०० आली त्याच वर्षी वाळूजला बजाजचा प्लांट सुरू झाला. पप्पा तिथंच होते, त्यामुळं घरात दुसरी कंपनी चालत नाही 😄 काका एम-८० वर दुधाचे कॅन न्यायचे. माझी प्लॅटिना. खड्ड्यांत कंबर वाचते, हे मनापासून सांगतो.

गोदाकाठ
@वाळूजकर बजाजनगरला का? आमची मावशी तिथंच राहती.

जालना_जुना_बाजार
बजेट कमी असंल तर जुनी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण सकाळी इंजिन थंड असताना जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असंल तर दुसऱ्या दिवशी परत जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळायलंय, सोडून द्या. आरसीवरचा इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवर बोट ठेवून जुळवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आधीच्यानं हप्त्यावर घेतलेली असंल तर फायनान्सवाल्याची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या मेव्हण्याचे पैसे यातच अडकले, वर्षभर आरटीओच्या चकरा.

गोदाकाठ
नवीच घेणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. तरी पाटीवरचा आकडा धरू नका, ऑन-रोडच विचारा. आरटीओचा टॅक्स आणि ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा त्यात येतोच. गार्ड, सीट कव्हर, मॅट न विचारता बिलात घालतात, ते काढायला लावा. आन् कर्जाचं व्याज फ्लॅट आहे का घटत्या शिल्लकीवर, हे लिहून घ्या. फ्लॅट ९ टक्के ऐकायला गोड लागतं, पण मुद्दल फिटत आलं तरी व्याज पहिल्या रकमेवरच चालू राहतं.

वाळूजकर
@गोदाकाठ हो, बजाजनगरच. मावशीला विचारा, ओळख निघंल.

काळी_माती
हेल्मेट त्याच दिवशी घ्या, आयएसआयचं. रस्त्यावरचं स्वस्त टोपडं नको. आमच्या शाळेतल्या एका सरांचा जीव हेल्मेटमुळंच वाचला.

हिंगोली_३८
सोयाबीन अजून शेतातच आहे, गाडी दिवाळीनंतर. तोवर बजाजच्या जुन्या सीटीवरच. सायलेन्सर फुटलाय, वसमतकडं चांगला वेल्डिंगवाला कोणी सांगा की.