अमेरिकेत बनलेल्याच वस्तू घ्यायच्या आहेत : काय घ्यावं, कसं ओळखावं?

मोगरा_ओहायो

नमस्कार मंडळी. आम्ही डेटनजवळ राहतो, बारा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात जातोय.

आमच्या खालच्या मजल्यावर एक साठीचे गृहस्थ राहतात. बर्फ पडला की न सांगता माझ्याही गाडीची काच खरवडून ठेवणारे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २६ वर्षं होते. थँक्सगिव्हिंगच्या आधी कारखाना बंद झाला, काम सीमेपलीकडे गेलं. त्याच आठवड्यात मी नव्या घराच्या सामानाची यादी करत बसले होते. ऑनलाइन कार्टात २३ वस्तू. एकेक उघडून पाहिली तर इथे बनलेली एकही नाही. ओशाळल्यासारखं झालं.

तर यादी अशी : रोजची भांडी आणि तवा, जेवणाची ताटं, टॉवेल, मिक्सर, मुलाचे बूट (वय ९, पाय दर चार महिन्यांनी वाढतो), आणि एक मिनीव्हॅन. पाव पट जास्त मोजायची तयारी आहे, तिप्पट नाही. राजकारण कृपया दुसऱ्या धाग्यावर.

थालीपीठवाली

तव्याचं मी सांगते. लॉजचा बिडाचा गोल ग्रिडल घ्या, साडेदहा इंची. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात १८९६ पासून ओतकाम चालतं. वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, म्हणजे तुमच्या अटीत सहज बसतो. थालीपीठ, घावन, भाकरी सगळं होतं. पोळ्यांना मात्र मी वापरत नाही, जड पडतो आणि आच कमीजास्त करायला वेळ घेतो.

एक सांभाळा : याच कंपनीची रंगीत इनॅमलची भांडी बरीचशी चीनहून येतात. काळं बीड इथलं. नाव तेच असल्यामुळे फसायला होतं.

नाना_पिट्सबर्ग

ताई, आधी लेबल वाचायला शिका, मग यादी.

नुसतं 'मेड इन यूएसए' लिहायचं तर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमानं वस्तू सगळी किंवा जवळजवळ सगळी इथली लागते. त्याला 'विथ ग्लोबल मटेरियल्स' अशी शेपटी लागली की माल बाहेरचा, जोडणी इथली. तरी जोडणीलाही माणसं लागतात, त्यामुळे मी ते अगदी टाकाऊ मानत नाही. 'डिझाइन्ड इन कॅलिफोर्निया' म्हणजे मात्र शून्य. २०२१ पासून खोट्या दाव्याला थेट दंड करता येतो. २०२४ मध्ये विल्यम्स-सोनोमा या घरसामानाच्या दुकानसाखळीला ३१ लाख ७५ हजार डॉलर भरावे लागले.

कपड्यांचं बरं आहे. ऑनलाइन विकतानासुद्धा 'मेड इन यूएसए' की 'इम्पोर्टेड' ते सांगावंच लागतं, म्हणून शर्टाच्या पानावर तळाशी तो शब्द दिसतो. बाकीच्या वस्तूंना तसली सक्ती नाही. दुकानात जाऊन डबा उलटा करून बघणं हाच खात्रीचा मार्ग. बायको म्हणते, भाजीवाल्याकडे वांगी उलटीसुलटी करायची सवय इथे कामी आली.

आता भांडी. ऑल-क्लॅडची स्टीलची जाड भांडी आमच्या इथे, पेनसिल्व्हेनियात, कॅनन्सबर्गमध्ये बनतात : बाहेर स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, आत स्टील. कंपनी मात्र २००४ पासून फ्रेंच मालकीची आहे. मला त्याचं काही वाटत नाही, पगार कॅनन्सबर्गमध्ये होतो. महाग आहेत, पण किंचित ओरखडा असलेले 'सेकंड्स' ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळतात. आमची कढई तशीच घेतलेली, ओरखडा कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

ताटांसाठी कोरेल. प्रत्येक देशी घरात असतंच! ती काच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये बनते, १९७० पासून. सेटमधले कॉफीचे मग मात्र बाहेरचे असतात. आणि मेजरिंग कपाची पायरेक्स काच आमच्या शेजारी शार्लरॉयमध्ये बनायची. २०२४ मध्ये मालकांनी ते काम ओहायोत लँकेस्टरला न्यायचं ठरवलं. म्हणजे वस्तू अमेरिकेतलीच राहिली, पण शार्लरॉयच्या माणसाला त्याचा उपयोग काय? हे लेबलवर कळत नाही.

व्हीनवाचक

मिक्सर : किचनएडचा कणीक मळायचा उभा मिक्सर ग्रीनव्हिलमध्ये बनतो, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत. फक्त तोच हं, त्या नावाचं सगळं नव्हे. चटणीवाटणाला व्हायटामिक्स, तो क्लीव्हलँडजवळचा. पण भांडं एवढं मोठं की दोन चमचे मिरची-लसूण वाटायला गेलात तर पात्याखाली फिरतच राहतं. आम्ही इमानदारीनं सांगतो : देशातून आणलेला ११० व्होल्टचा मिक्सर अजून चालू आहे.

गाडीवर सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

सोलापुरी_चटणी

माफ करा, एक बोचरा प्रश्न. माझा मामेभाऊ सोलापूरला टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मालावर इथे ५० टक्के आयातशुल्क लागलं तेव्हा त्यांच्या ऑर्डरी थांबल्या, त्याच्या पाळ्या कमी झाल्या. त्याची मुलगी दहावीला. 'अमेरिकन टॉवेल घ्या' असा सल्ला मराठी माणसांनीच मराठीत द्यावा, हे मला झेपत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांबद्दल वाईट वाटतंच. पण दादाबद्दल कुणाला वाटायचं?

लालबागकर_शार्लट

सोलापुरी, तुमचा प्रश्न योग्य आहे. उत्तर नाही माझ्याकडे, पण थोडं लिहितो.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, दोन साचे (माग) चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सात वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर. 'पंधरा दिवसांत मिटेल' असं आई म्हणायची. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भोंगा बंद झाला, काही वर्षांनी चिमण्या पाडल्या, आता तिथे मॉल आहे. वडील एकदाच आत गेले, एसीमुळे खोकला आला म्हणून बाहेर येऊन बसले.

इथे मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला नोकरीला आलो. जवळच कॅनापोलिस नावाचं गाव आहे. कॅनन मिल्सचं गाव. घरं, दुकानं, सगळं कंपनीचं. एकेकाळी अमेरिकाभर टॉवेल तिथले. कामगार पंचवीस वर्षं युनियनसाठी झगडले, १९९९ मध्ये मतदान जिंकले. ३० जुलै २००३ ला गिरणी बंद. या राज्यातली चार हजारांहून जास्त माणसं घरी. गिरणी पाडून आता तिथे संशोधन केंद्र उभं आहे, चकचकीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी बाजूला लावून दहा मिनिटं बसलो होतो. लोअर परळ वाटलं हो.

तिथल्या एका चर्चमध्ये गरजूंना धान्य वाटतात, मी अधूनमधून जातो. गिरणीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला टॉवेलचा काठ दोन बोटांत धरून कसा पारखायचा ते दाखवलं. वडीलही अगदी तसंच करायचे.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. आमच्या घरात टॉवेल सोलापूरचे, चादरीही. दर वारीला, म्हणजे आमच्या भारतवारीला, बॅगेतून आणतो. तवा टेनेसीचा, मोजे व्हरमाँटचे. ज्या टॉवेलवर कुणी बनवला याचा काही पत्ताच लागत नाही, तो नाही घेत. मोगराताई, 'कॅनन' नाव अजून कुठे टॉवेलवर दिसलं तर हुरळू नका, गिरणी गेल्यावर नाव वेगळं विकलं गेलं.

सोलापुरी_चटणी

वाचून गप्प बसले. दादाला पाठवते हे. (बॅगेत किती टॉवेल मावतात हो? मला पापडांपुढे जागाच उरत नाही.)

व्हीनवाचक

गाडी.

१. नव्या गाडीच्या काचेवर एक स्टिकर असतो, १९९२ च्या कायद्यामुळे. सुट्या भागांत अमेरिका-कॅनडाचा वाटा किती टक्के, जोडणी कुठल्या गावात, इंजिन आणि ट्रान्समिशन कुठल्या देशाचं, सगळं लिहिलेलं असतं. सेल्समन काही म्हणो, तो वाचा. अमेरिका आणि कॅनडा एकत्र मोजतात ही त्यातली गोम.

२. जुनी गाडी असेल तर व्हीन नंबरचा (प्रत्येक गाडीचा ओळखक्रमांक) पहिला आकडा किंवा अक्षर : १, ४, ५ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, 'जे' जपान.

मिनीव्हॅनमध्ये गंमत अशी आहे की होंडा ओडिसी बनते अलाबामातल्या लिंकनमध्ये, टोयोटा सिएना इंडियानातल्या प्रिन्स्टनमध्ये, आणि अस्सल डेट्रॉइटचं नाव असलेली क्रायस्लर पॅसिफिका कॅनडात, विंडसरला. फोर्डचा छोटा मॅव्हरिक ट्रक तर मेक्सिकोत. तुमच्या ओहायोत मेरिसव्हिलला होंडा ॲकॉर्ड १९८२ मध्येच बनायला लागली, हे बऱ्याच ओहायोवाल्यांनाच ठाऊक नसतं.

नाना_पिट्सबर्ग

पण अलाबामा आणि प्रिन्स्टन दोन्हीकडे युनियन नाही. विंडसरला आहे. कामगारांसाठी म्हणून घ्यायचं तर कुठला कामगार, हेही बघायला हवं ना? २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात युनियन आली, म्हणजे दक्षिणेतही वारं फिरतंय. मी स्वतः युनियनच्या घरातला जावई असल्यामुळे पक्षपाती आहे, हे आधीच कबूल.

व्हीनवाचक

नाना, इंडियानातला कामगार ओहायोतल्या माणसाला विंडसरपेक्षा जवळचा वाटला तर त्यात वावगं काय? मी सिएना घेतली. हायब्रिड आहे, चार वर्षांत तक्रार नाही. इथे वाद संपायचा नाही, चहा घेऊ.

थालीपीठवाली

बुटांचं राहिलंच. न्यू बॅलन्सची ९९० मालिका मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत बनते. सत्तर टक्के किंवा जास्त किंमत इथली असेल तरच ते 'मेड इन यूएसए' म्हणतात, असं स्वतःच सांगतात; नानांच्या 'जवळजवळ सगळी'पेक्षा हे कमीच. जोडी २०० डॉलरच्या आसपास, मोठ्यांची. वाढत्या पायाच्या नऊ वर्षांच्या पोराला? सोडून द्या. त्यापेक्षा मोज्यांवर खर्च करा : डार्न टफ, नॉर्थफील्ड, व्हरमाँट. भोक पडलं की बदलून देतात, आयुष्यभर. लालबागकर म्हणाले ते हेच असणार. टीशर्ट हवा असेल तर अमेरिकन जायंटचा इथे शिवलेला वॉलमार्टमध्ये २०२४ ला १२ डॉलर ९८ सेंटला आला होता. इथलं म्हणजे महागच, असं काही नाही.

मोगरा_ओहायो

मंडळी, खूप आभार. थोडा हिशोब.

तवा आला. कोरेल आमच्याकडे आधीच होतं, मागे उलटून कधी बघितलंच नव्हतं! मिक्सर सणाच्या सेलपर्यंत थांबवला. बुटांचा हट्ट सोडला, मोजे मागवले. टॉवेल मार्चमध्ये सासूबाई येणार आहेत त्यांना सोलापूरचे आणायला सांगितले, सहा. व्हॅनचं ठरत नाहीये. नवऱ्याला विंडसर पटलंय, मला प्रिन्स्टन. शनिवारी दोघं स्टिकर वाचायला जाणार आहोत. काकांना विचारलं तर म्हणाले, 'जिचा ब्रेक चांगला ती घ्या, मी ब्रेकच बनवायचो.'

थालीपीठवाली ताई, पहिलं थालीपीठ तव्याला असं चिकटलं की खरवडून खावं लागलं. तवा तर 'प्री-सीझन्ड' होता. काय चुकलं?

थालीपीठवाली

काही चुकलं नाही, घाई झाली. तो कारखान्यातला थर पातळ असतो. पहिले आठ दिवस नुसते कांदे परता, तेल सढळ घाला, साबण फार घासू नका, धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचा बोळा फिरवा. मग थालीपीठ मंद आचेवर झाकण ठेवून लावा, मधे भोकं पाडून प्रत्येकात तेल सोडायला विसरू नका. आणि उलथनं पातळ धारेचं घ्या, लाकडी नको.