पिथियसला थापाड्या का ठरवलं?

दांडियाबाजारची मावशी
भाची नववीत आहे. प्रकल्पासाठी तिने पिथियस निवडलाय, मासालियाचा (आजचं मार्सेय) ग्रीक दर्यावर्दी. इ.स.पू. 325 च्या सुमारास तो ब्रिटनच्याही उत्तरेला गेला होता. पण नंतरचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो त्याला सरळ खोटारडा म्हणतो. भाची विचारते, "मावशी, एवढ्या विद्वानाला खरं-खोटं कळू नये?" मला उत्तर देता आलं नाही.

रावपुरा
ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचं म्हणणं होतं, एक साधा, गरीब खासगी माणूस एवढी मजल मारेलच कशी? शिवाय थुले, म्हणजे पिथियसने सांगितलेली अगदी उत्तरेकडची भूमी, तिच्याजवळचं त्याचं वर्णनही विचित्र होतं: तिथे जमीन, पाणी, हवा वेगळी राहत नाही, सगळं समुद्री फुप्फुसासारखं (बहुधा जेलीफिशसारखं) एकजीव होतं, चालता येत नाही आणि नाव हाकता येत नाही.

मांडवीकर
स्ट्रॅबोचा मुख्य आक्षेप वेगळा होता. त्याच्या हिशेबात माणसांची वस्ती इर्न्यापाशी, म्हणजे आयर्लंडपाशी, संपायची. त्यापलीकडे थंडीने जगणंच अशक्य. मग ब्रिटनहून उत्तरेला सहा दिवसांच्या सफरीवर असलेलं थुले मान्य केलं, तर त्याचा सगळा नकाशाच मोडतो. त्यात पिथियसने ब्रिटनचा घेर 40,000 स्टेडियांहून (स्टेडिया हे ग्रीकांचं अंतराचं माप) जास्त, म्हणजे अवाढव्य सांगितला होता, म्हणून तर संशय आणखीनच बळावला.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती भरती. लहानपणी आजोबांनी आम्हाला खंभातच्या आखाताकाठच्या कावी-कंबोईला, स्तंभेश्वराच्या देवळात नेलं होतं. ओहोटीला स्तंभेश्वराच्या पिंडीवर आम्ही स्वतः पाणी घातलं, आणि काही तासांनी तिथे नुसता गढूळ समुद्र. पुण्याच्या मावसभावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "देऊळ बुडतं आणि परत वर येतं? काहीही सांगू नकोस." मी रडकुंडीला आलो होतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेमच, त्यामुळे तिथल्या लोकांना अटलांटिकच्या भरतीचा अंदाज येणं कठीण होतं. पिथियसने मात्र ती पाहिली आणि तिचा चंद्राशी संबंधही जोडला.

हेही मान्य करायला हवं, की रोमन लेखक प्लिनीने त्याच्या नावावर 80 हात (सुमारे 36 मीटर) उंच भरती नोंदवली आहे. आपल्या खंभातच्या आखातातली मोठी भरती सुमारे 10 मीटर, ही त्याच्या तिपटीहून जास्त. असा आकडा वाचून कोणालाही शंका येईल.

दांडियाबाजारची मावशी
मग त्याच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता?

मांडवीकर
होता ना! एराटोस्थेनिस आणि हिप्पार्कस या ग्रीक विद्वानांनी त्याला मानलं. कारण मासालियात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भर माध्यान्ही, शंकूची (उभ्या काठीची) सावली त्याने मोजली होती: 120 भाग उंचीला जवळजवळ 42 भाग सावली. त्यावरून निघणारं अक्षांश आजच्या मार्सेयच्या अगदी जवळ येतं. स्ट्रॅबोनेही खगोल-गणितात त्याला थोडं श्रेय दिलंय. भाचीला सांगा, 21 जूनला, तशाच मोठ्या दिवशी, सूर्य सगळ्यात वर असताना गच्चीवर काठी उभी करून बघ. बडोद्यात सावली काठीच्या बुडाशीच राहते, आणि जी पडते ती दक्षिणेला.

दांडियाबाजारची मावशी
तिने आत्ताच मीटरपट्टी शोधायला घेतलीय.